रोला-कोला परत आली. आमच्या बाजारातल्या खाऊचे काय?

सेलूकर (जि. वर्धा)

पार्लेने २००६ मध्ये बंद केलेली रोला-कोला ही गोळी लोकांनी समाजमाध्यमांवर लावून धरलेल्या मागणीमुळे २०१९ मध्ये पुन्हा बाजारात आली. कॅम्पा कोला हे शीतपेय रिलायन्सने २०२२ मध्ये विकत घेतले आणि पुढच्या वर्षी नव्याने विक्रीस आणले. रावळगाव या कंपनीच्या पान पसंद आणि मँगो मूड या गोळ्यांच्या नाममुद्राही त्याच समूहाने २०२४ मध्ये २७ कोटी रुपयांना घेतल्या. अशा प्रत्येक वेळी ‘बालपण परत आले’ असा गजर होतो. ज्यांचे आले त्यांचे अभिनंदन. परंतु आमच्या गावातून जो खाऊ नाहीसा झाला तो कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नव्हता, आणि म्हणून तो परत द्या असे कोणाला सांगावे हेच कळत नाही.

तालुक्याच्या गावी एखादा भट्टीवाला साखरेचा पाक उकळून संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या गोळ्या पाडत असे, दुसरा कोणी रेवड्या आणि गुळाची शेव करत असे, आणि हा माल सायकलीला डबे बांधून आठवडी बाजारात व किराणा दुकानांत पोहोचत असे. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन दारोदारी फिरणाऱ्या मुलांच्या हातावर बोजारा, म्हणजे सणाची भेट, म्हणून हाच खाऊ पडे. आता पाच रुपयांचे पाकीट किंवा सरळ नाणे पडते. माझे मत असे आहे, की बंद पडलेल्या गोळ्यांसाठी गळा काढण्यापेक्षा सुटा, मोजून मिळणारा आणि जवळच तयार होणारा खाऊ बचत गटांमार्फत पुन्हा सुरू करावा, आणि ग्रामपंचायतीने बाजाराच्या दिवशी त्यासाठी ओट्यावर जागा द्यावी.

आर्णीचा दुकानदार

सेलूकर भाऊ, तुमचे लिखाण वाचून बरे वाटले, पण गल्ल्यावर बसणाऱ्याला हे पटणार नाही. सुट्या खाऊचा जीव सुट्या नाण्यांत होता. पाच आणि दहा पैसे तर व्यवहारातून केव्हाच गेले होते, आणि ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे व त्याखालची सगळी नाणी कायद्यानेच बाद झाली. त्यानंतर सर्वांत स्वस्त गोळीही हळूहळू रुपयावर आली, आणि रुपयाची गोळी विकायला मोठ्या कंपन्या गाडी घेऊन दारात हजर होत्या. त्यांचा वितरक पंधरा दिवसांची उधारी देतो, तारीख उलटलेला माल बदलून देतो आणि वर फलकही लावून देतो. भट्टीवाल्याकडून रोखीने माल घ्यावा लागे. श्रावणातल्या दमट हवेत साखर पाणी ओढून घेते. मग बरणीतल्या शेकडो गोळ्यांची मिळून एकच ढेप तयार होई, आणि ती फोडायला वजनकाट्याचे माप वापरावे लागे. त्या ढेपेचे पैसे भट्टीवाल्याने कधी परत केले नाहीत. हे नुकसान माझ्या वडिलांनी सोसले. मी सोसणार नाही.

अंगणवाडी सेविका, मेहकर तालुका

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. त्या गोळ्यांचा भडक रंग कशाचा होता, हे तेव्हा कोणी विचारले होते का? आपल्याकडे खाद्यपदार्थांत मोजकेच आठ कृत्रिम रंग चालतात, तेही ठरावीक पदार्थांत आणि ठरलेल्या मर्यादेत. मेटॅनिल यलो किंवा रोडामाइन-बी हे कापड व कागद रंगवण्याचे रंग त्यांत बसत नाहीत, तरीही स्वस्त मिठाईत ते सापडत आले आहेत. तमिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये कापसासारख्या गुलाबी मिठाईवर, म्हणजे आपल्या जत्रेतल्या बुढ्ढी के बालवर, बंदी घातली ती याच रोडामाइन-बीमुळे. लाल टोकाची साखरेची सिगारेट ओठांत धरून मुले मोठ्यांची नक्कल करत, तीही आठवणींच्या यादीत कौतुकाने मिरवते, याचे मला नवल वाटते. फुटाणे आणि ज्वारीच्या लाह्या परत आणा, मी स्वतः गावभर सांगत फिरेन. त्या रंगीत गोळ्या मात्र गेल्या ते बरेच झाले.

ब्रह्मपुरीचा विद्यार्थी

माझ्या मामांना गोल्ड स्पॉट या पेयाची फार आठवण येते. पार्लेची शीतपेये १९९३ मध्ये कोका-कोलाने विकत घेतली आणि फँटाला वाट मोकळी करून देण्यासाठी गोल्ड स्पॉट मागे पडले, ही गोष्ट ते प्रत्येक लग्नात सांगतात. मी त्यांना एकदा विचारले, की ते आपण वर्षातून किती वेळा प्यायलात? उत्तर आले, कोणाच्या लग्नात मिळाले तर. म्हणजे त्यांना आठवते ती दुर्मिळता. चव त्या दुर्मिळतेच्या आधाराने मोठी झाली आहे. तीच बाटली आज रोज मिळू लागली, तर चौथ्या दिवशी मामा ती बाजूला सारतील. माझी पिढी उद्या पाच रुपयांच्या पाकिटातून निघणाऱ्या प्लास्टिकच्या भोवऱ्यासाठी असेच उसासे टाकणार आहे, आणि तेव्हा आम्हालाही कोणीतरी आवरले पाहिजे.

सेलूकर (जि. वर्धा)

दुर्मिळतेचा मुद्दा शहरातल्या बाटलीला लागू पडेल. संत्रागोळी दुर्मिळ नव्हती, ती रोज मिळत होती आणि तरीही आठवते.

ताई, रंगाबद्दलची आपली काळजी रास्त आहे, पण तो दोष देखरेखीचा आहे, सुट्या विक्रीचा नाही. आज गावातल्या दुकानात दोरीला लटकणाऱ्या पाकिटांच्या माळा एकदा उतरवून पाहा: कित्येकांवरचा कारखान्याचा पत्ता वाचता येत नाही, तारखेची शाई बोटाने पुसली जाते आणि नाव मोठ्या कंपनीच्या नावाशी एका अक्षराने जुळणारे असते. त्या पाकिटाला मूल भुलते आणि आईही भुलते. उलट बनवणारा पाच कोसांवर असला तर त्याच्या भट्टीपर्यंत जाऊन जाब विचारता येतो. अन्न सुरक्षा व मानके कायद्याची अंमलबजावणी २०११ मध्ये सुरू झाली तेव्हापासून छोट्या उत्पादकाला मोठ्या परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते, आणि गुळाच्या शेवेला तर वरून रंग घालण्याची गरजही पडत नाही.

आर्णीचा दुकानदार

जाब विचारायला पाच कोस कोण जाणार, भाऊ? पेरणी सोडून कोणी जात नाही. म्हणून तर लोकांना छापील तारीख हवी असते. तरीही माझ्या अटी लिहून ठेवतो. तुमच्या बचत गटाने माल लहान पुड्यांत बांधून त्यावर बनवल्याची तारीख टाकावी, आषाढ ते भाद्रपद नरम पडलेला माल मुकाट्याने बदलून द्यावा आणि पहिल्या तीन खेपांचे पैसे विक्रीनंतर घ्यावेत. एवढे होत असेल तर येत्या तान्ह्या पोळ्याला गुळाची शेव माझ्या गल्ल्यासमोर, कंपन्यांच्या माळांच्या पुढे ठेवतो. संत्रागोळी मात्र पावसाळ्यात आणू नका.