मदत हवी आहे: ब्लॉकिंग पेप्टाइडने दोन्ही बँड गेले, मग एकेटी कोणता?

मंडळी, वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) नेहमी करणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे.

एकेटी हा कायनेज (इतर प्रोटीनांवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम) स्वतः सेरीन 473 या जागी किती फॉस्फोरिलेट होतो, म्हणजे तिथे किती फॉस्फेट लागतो, ते बघतेय. एचईके 293 या मानवी पेशी रात्रभर सिरमशिवाय ठेवते, मग 100 नॅनोमोलर इन्सुलिन, दहा मिनिटं. 60 किलोडाल्टनजवळ बँड येतो, तो अपेक्षितच. पण 70च्या आसपास आणखी एक येतो, आणि तोही इन्सुलिन दिल्यावरच.

म्हणून अँटिबॉडी ज्या पेप्टाइडवर (प्रोटीनच्या छोट्या तुकड्यावर) तयार केली, तेच ब्लॉकिंगसाठी, म्हणजे अँटिबॉडीची बांधणीची जागा आधीच भरून टाकायला, घेतलं. एकाच मेंब्रेनचे तीन तुकडे: एकाला नुसती अँटिबॉडी, दुसऱ्याला फॉस्फो-पेप्टाइडमध्ये मुरवलेली, तिसऱ्याला बिनफॉस्फो पेप्टाइडमधली. पेप्टाइड वजनाने पाचपट. तिन्ही नळ्या रात्रभर 4 अंशांवर. मेंब्रेनवरच्या मोकळ्या जागा झाकायला दूध टाळून बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरलं, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन.

फॉस्फो-पेप्टाइडने दोन्ही बँड साफ गेले. बिनफॉस्फोने दोन्ही जसेच्या तसे. वोर्टमॅनिन (इन्सुलिनचा संदेश एकेटीपर्यंत पोचवणारं पीआय3 कायनेज बंद करणारं रसायन) दिलं तरी दोन्ही जातात.

लॅबमध्ये सगळे म्हणतात, पेप्टाइडने गेला म्हणजे खरा, वरचा बँडही एकेटीचाच. मला पटत नाही. नुसत्या फॉस्फेटने दहा किलोडाल्टनची उडी? पेप्टाइड आणखी वाढवून बघू का?

प्रतिसाद:
वाढवून काही हाती लागणार नाही. अँटिबॉडी 150 किलोडाल्टनची, पेप्टाइड साधारण 2चं. वजनाने पाचपट म्हणजे रेणूंच्या हिशोबात जवळपास 375 पट. जागा कधीच भरल्यात.

तुमची शंका रास्त आहे. पेप्टाइडने बँड गेला की एवढंच कळतं, की अँटिबॉडी तिथे आपल्या नेहमीच्या बांधणीच्या जागेनेच चिकटत होती. समोर कुठलं प्रोटीन होतं, ते नाही कळत. तसाच तुकडा असलेलं दुसरं प्रोटीनही असंच नाहीसं होतं. आता 473 भोवतीचा क्रम बघा: फेनिलअॅलनिन, मग दोन सोडून पुन्हा फेनिलअॅलनिन, सेरीन, टायरोसिन. पी70 एस6 कायनेज या साधारण 70 किलोडाल्टनच्या दुसऱ्या कायनेजमध्ये थ्रिओनिन 389 भोवती हीच ठेवण आहे, फक्त सेरीनच्या जागी थ्रिओनिन. तोही इन्सुलिनने चढतो, वोर्टमॅनिनने उतरतो. मला दाट संशय त्याचाच.

इन्सुलिनच्या आधी अर्धा तास 20 नॅनोमोलर रॅपामायसिन द्या; ते एस6 कायनेजवर फॉस्फेट लावणारं एमटॉर कॉम्प्लेक्स 1 बंद करतं. वरचा बँड एस6 कायनेजचा असेल तर तो जाईल, एकेटीचा राहील. दिवसभर मात्र ठेवू नका. काही पेशींमध्ये एकेटीच्या 473 वर फॉस्फेट लावणारं एमटॉर कॉम्प्लेक्स 2 सुद्धा कोलमडतं, मग 473ही उतरतो आणि काहीच वेगळं काढता येत नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार! हा क्रम जुळवून बघायचं सुचलंच नव्हतं. रॅपामायसिन उद्याच लावते. पण वरचा बँड गेला, तरी खालचा एकेटीच हे वेगळं दाखवावं लागेल ना? एसआयआरएनएने (ठरावीक जनुकाचं प्रोटीन बनणं रोखणाऱ्या छोट्या आरएनएने) एकेटीची 1 आणि 2 ही दोन्ही रूपं एकदमच उतरवावीत असं वाटतंय, एकट्या 1ने सिग्नल अर्धवटच कमी होईल. या पेशींवर कोणी केलं असेल तर किती तासांनी पेशी उचलल्या, सांगाल का?