स्वाइन फ्लूची लस तुम्ही घेतली होती का?

मुळाकाठ :
माळा आवरताना ट्रंकेत २००९ चा एन-९५ मास्क सापडला. रबर पार सुटलंय. पण ऑगस्टचे ते दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले. पुण्यात देशातला पहिला मृत्यू, शाळा बंद, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीची रांग. तेव्हा लस असती तर अख्खं पुणं धावलं असतं. आपल्याकडे ती आली २०१० च्या जून-जुलैत, नाकात फवारायची तर पुण्यातच बनलेली. तोवर भीती ओसरलेली. 'बघू पुढच्या आठवड्यात' करत मी घेतलीच नाही, याची अजून रुखरुख आहे. तुमचं काय झालं?

शमा७ :
आम्ही घेतली. समोरच्या काकू त्याच साथीत गेल्या, आठ दिवसांत. जिन्यात त्यांच्या चपला तशाच होत्या. मग कोणी समजवायची गरज उरली नाही.

वॉर्डातली :
मी तेव्हा स्टाफ नर्स. आम्हाला परदेशातून मागवलेली लस आधी, तीही फुकट. तरी बऱ्याच जणी नाहीच म्हणाल्या. "घाईत बनवलीय, आपल्यावर प्रयोग नको." शेवटी मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर बाही वर केली. मग आम्ही एकेक करून पुढे झालो.

दादा_सातारकर :
डोसला दीडशेच्या आसपास, घरात सहा माणसं. महिनाअखेर होती. पोरांना दिली, आम्ही राहिलो.

रेवा :
मला पाचवा महिना. नाकातली जिवंत विषाणूची, म्हणून गरोदर बाईला चालत नाही. डॉक्टर म्हणाले इंजेक्शनवाली घ्या. सासूबाई म्हणाल्या, बाळाला काही झालं तर? नाही घेतली. पुढे चार महिने ओढणी तोंडावरून काढली नाही गं.

लीड्सकर :
रेवा, मीही तेव्हा पोटुशी, पण इकडे. २००९ च्या हिवाळ्यात डॉक्टरांकडून पत्रच आलं, गरोदर बायकांना आधी म्हणून. मिडवाइफने अर्धा तास बसून सगळ्या शंका ऐकल्या. त्या अर्ध्या तासामुळे घेतली.

शमा७ :
साथीत हुंगायला जवळ ठेवायचो ती कापूर-वेलचीची पुरचुंडी आठवते का कुणाला? आईच्या पर्समध्ये अजून असते.

दादा_सातारकर :
आमच्याकडे निलगिरी. रुमाल धुतले तरी वास जाईना.

वॉर्डातली :
रेवाताई, बाळ बरं ना?

रेवा :
हो गं, दहावीला आहे. आत्ता क्लासहून येईल, कणीक भिजवायचीय. रात्री येते परत.