सगळं तुम्हाला माहीत आहे, तर मग मला कशाला विचारता?

शेवटची_तारीख

परवा आयकर रिटर्नच्या कटकटीवर मी दोन ओळी खरडल्या, तर एका सभासदाने मला सुनावलं : “वर्षातून दोन तास विवरणपत्राला देता येत नाहीत त्यांनी नागरिक म्हणवून घेऊ नये. याला कटकट नाही, कर्तव्य म्हणतात.” उत्तर लिहायला बसलो आणि ते एवढं लांबलं की वेगळा धागाच काढतोय.

दोन तास? माझे तीन रविवार गेले. पहिला कागद शोधण्यात, दुसरा पासवर्ड शोधण्यात. तिसऱ्या रविवारी सगळं भरून झालं आणि शेवटचं बटण दाबताना साइट झोपली. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

खरा राग मात्र पुढचा आहे. एक जुनं बचत खातं, ज्यात मी कित्येक वर्षांत पाऊल टाकलेलं नाही, त्याचं किरकोळ व्याज दाखवायचं राहिलं. चार महिन्यांनी नोटीस आली. आणि त्या नोटिशीत त्या व्याजाचा आकडा शेवटच्या दशांशापर्यंत बरोबर छापलेला! म्हणजे बँकेने तो विभागाला आधीच कळवला होता. माहिती हवी होती म्हणून मला विचारलंच नव्हतं. मी विसरतो का ते बघायचं होतं.

डेन्मार्कमध्ये 1980 च्या दशकाच्या शेवटापासून करखातंच विवरणपत्र भरून पाठवतं. एस्टोनियात बहुतेकांचं काम काही मिनिटांत उरकतं. न्यूझीलंडने 2019 पासून बहुतेक नोकरदारांचा हिशोब आपणहून करायला सुरुवात केली. तिथल्या लोकांना नागरिक म्हणायचं नाही का?

नियमावली

तो प्रतिसाद माझा होता. “एका सभासदाने” काय? नाव घ्यायला काय झालं होतं?

आता मुद्द्याचं. भरून आलेल्या कागदावर लोक डोळे मिटून सही करतात. बँकेने चुकीचा आकडा कळवला असेल तर? तुम्हाला मिळणारी वजावट खात्याला माहीतच नसेल तर? तुमच्या खिशाची काळजी खात्याने करावी ही अपेक्षाच भाबडी आहे.

दुसरं म्हणजे, कर टोचलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये नेपोलियनशी लढायला म्हणून 1799 मध्ये आयकर आला, वरचा दर होता 10 टक्के. लोकांना तो इतका टोचला की युद्ध संपल्यावर 1816 मध्ये संसदेने तो रद्द तर केलाच, वर त्याची कागदपत्रं नष्ट करायचंही ठरवलं. 1842 मध्ये “तात्पुरता” म्हणून परत आला. कायद्याने तो अजूनही तात्पुरताच आहे, दरवर्षी 5 एप्रिलला संपतो आणि दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो.

पण 1944 पासून तो पगारातूनच कापला जाऊ लागला. अमेरिकेत तेच 1943 मध्ये झालं. न टोचता घेता आला की सरकारला हवा तेवढा घेता येतो. गंमत म्हणजे अमेरिकेची ती पद्धत उभी करणाऱ्या चमूत अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन होते. सरकार लहान हवं असं पुढे जन्मभर सांगणारे तेच. म्हातारपणी त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. तेव्हा कटकट जपा. ती गेली की दर किती झाला हे कळणारसुद्धा नाही.

शेवटची_तारीख

फ्रीडमनचा किस्सा ठाऊक नव्हता, मान्य. पण काटा टोचला तर पाहिजेच, म्हणून चपलेत खडा घालून फिरायचं? दर कळावा म्हणून दर ठळक अक्षरांत छापा की! त्यासाठी माझे तीन रविवार कशाला?

आणि आधी “कर्तव्य” होतं, आता “टोचणी” झालं. पुढच्या प्रतिसादात काय असेल, व्यायाम?

कापून_हातात

तुम्हा दोघांचं चालू द्या. आम्हा नोकरदारांचा पगार हातात यायच्या आधीच कातरला जातो. लपवायचं म्हटलं तरी लपवता येत नाही. खरा प्रश्न धंदेवाल्यांचा आहे. गाडी धंद्याची, फोन धंद्याचा, फिरायला गेले की “कामानिमित्त प्रवास”. माझ्या नात्यातले एक गृहस्थ माझ्या तिप्पट खर्च करतात आणि माझ्या निम्मा कर भरतात. दर कितीही ठेवा, भरणारे आम्हीच.

उधारी_वसूल

हे वाक्य येणार हे माहीतच होतं. रिटर्नचा धागा असो नाहीतर पावसाचा, पगारदार मंडळी शेवटी आमच्याच दारात येऊन उभी राहतात.

मी सतरा वर्षं छोटा छपाईचा व्यवसाय करते. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम केलं, बिल दिलं. बिल निघालं की त्यावरचा विक्रीकर भरायची तारीख सुरू होते. पैसे आले का, हे कोणी विचारत नाही. गिऱ्हाइकाने नऊ महिने लटकवलं. तोपर्यंत, न मिळालेल्या पैशांवरचा कर मी कर्ज काढून भरला. एका हप्त्याला सहा दिवस उशीर झाला तर दंड आणि व्याज. सरकारचा कर मी फुकटात गोळा करून देते, हिशोब ठेवते, आणि चोर मीच!

तुमचा कर कापण्याचं कामसुद्धा तुमचा मालक करतो. तुम्ही काय करता? सही.

कापून_हातात

तुमच्या एका बुडीत बिलावरून सगळा व्यापारीवर्ग साधू ठरत नाही, ताई.

उधारी_वसूल

आणि तुमच्या एका नातेवाईकावरून सगळा चोर ठरतो. वा! न्यायाधीश व्हा.

आकडेमोड

दोघांनी नातेवाईक बाजूला ठेवले तर यावर अभ्यास आहे. डेन्मार्कमध्ये 40 हजारांहून जास्त करदात्यांची विवरणपत्रं तपासून बघितली होती, निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. जे उत्पन्न मालक किंवा बँक परस्पर कळवते त्यात चोरी जवळजवळ शून्य. जे माणूस स्वतः सांगतो त्यात बऱ्यापैकी. म्हणजे पगारदार प्रामाणिक आणि धंदेवाला लबाड असं त्यातून निघत नाही. एकाला संधीच नसते, एवढंच.

कापून_हातात

म्हणजे मी म्हटलं तेच. चोरी तिकडेच होते.

उधारी_वसूल

म्हणजे मी म्हटलं तेच. तुमचा प्रामाणिकपणा सक्तीचा आहे.

आकडेमोड

तुम्हा दोघांना साष्टांग नमस्कार.

टेबलाच्या_पलीकडे

धागा कुठून कुठे गेला! मी या खात्यातून निवृत्त झालो. आता शिव्या द्या, सवय आहे.

शेवटच्या आठवड्यात साइट झोपते कारण निम्मे लोक शेवटच्या आठवड्यात येतात. मान्य, निम्मे लोक तेव्हाच येणार हे दरवर्षी माहीत असतं, त्यामुळे ही सबब आम्हालाही शोभत नाही.

पण फॉर्म लांब का होतो ते सांगतो. अमेरिकेत 1913 चा पहिला फॉर्म सूचनांसकट चार पानांचा होता. नंतरची पानं कारकुनांनी हौसेने वाढवली नाहीत. घरकर्जाला सूट द्या, विम्याला द्या, देणगीला द्या, आमच्या धंद्याला द्या. सूट आली की अट येते, अट आली की रकाना, रकान्यापाठोपाठ पुरावा. जर्मनीत 2003 मध्ये राजकीय नेते फ्रिडरिश मेर्त्स यांनी विवरणपत्र बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर मावेल इतकं सोपं करू म्हटलं होतं. टाळ्या भरपूर पडल्या. पुठ्ठा काही आला नाही, कारण त्यावर मावायचं तर कुणाची तरी सूट खोडावी लागते. माझ्या टेबलासमोर “साहेब, हे सगळं सोपं करा” म्हणणारे शेकड्यांनी आले. स्वतःची सूट सोडतो म्हणणारा एकही आला नाही.

शेवटची_तारीख

तुमच्या काळात त्या किरकोळ व्याजासाठी नोटीस काढली असतीत का?

टेबलाच्या_पलीकडे

नसती काढली. चहाच्या वेळेत मिटवलं असतं. आता यंत्र काढतं, त्याला चहा लागत नाही.

कापून_हातात

“चहाच्या वेळेत मिटवलं असतं” हे वाक्य काही जणांनी वेगळ्या अर्थाने वाचलं असेल हो! (हलके घ्या.)

टेबलाच्या_पलीकडे

नाही घेत. एकतीस वर्षं नोकरी केली, कुणाच्या रुमालाला हात लावला नाही. मागे घ्या ते.

कापून_हातात

घेतलं. पण बाकीच्यांच्या वतीनेही घेतलं असं समजू नका.

निम्मे_माझे

मूळ प्रश्न कुणाला आठवतोय का? कर किती असावा? भारतात 1973-74 मध्ये वरच्या टप्प्यावर अधिभारासह 97.75 टक्के होता. शंभरातले सव्वादोन घरी न्यायचे! अमेरिकेत 1950 च्या दशकात वरचा दर 91. माझं मत, तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला की ती लूट.

आकडेमोड

तो दर शेवटच्या टप्प्यावर होता, सगळ्या कमाईवर नव्हे. त्या अमेरिकेत 91 प्रत्यक्षात भरणारे मोजकेच, कारण पळवाटा भरपूर. तुमच्या “तिसऱ्या हिश्शा”चं म्हणाल तर श्रीमंत देशांत सगळे कर मिळून सरासरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 34 टक्क्यांच्या आसपास जातातच. डेन्मार्कमध्ये 40 च्या वर, मेक्सिकोत 20 च्या खाली. मग तर डॅनिश लोकांनी केव्हाच बंड करायला हवं होतं.

निम्मे_माझे

त्यांना बदल्यात दवाखाना आणि विद्यापीठ मिळतं. आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी आधी कर भरला, मग विम्याचा हप्ता, आणि मग बिलही. तीनदा. त्या महिन्यात मला कुणी सरासरी सांगितली असती तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

आकडेमोड

यावर माझ्याकडे आकडा नाही.

उधारी_वसूल

अवांतर : त्या नऊ महिन्यांच्या गिऱ्हाइकाने काल नवीन कामासाठी फोन केला. आधी आगाऊ रक्कम, मग शाई, असं सांगितलं. फोन ठेवला त्याने.

नियमावली

एवढ्या गोंधळात माझा टोचणीचा मुद्दा कुणी खोडलेला नाही, याची नोंद असावी. भरून आलेला कागद “तपासून सही” या अटीवर मला चालेल, एवढं मान्य करतो. यापुढे एक पाऊल नाही.

जाता जाता, @शेवटची_तारीख, ते जुन्या खात्याचं व्याज शेवटी कुठल्या रकान्यात दाखवलंत? माझ्याकडेही तसं एक निघालंय. शनिवारपासून बसलोय.

शेवटची_तारीख

शनिवारपासून? दोन तासांत होतं ना?

नियमावली

रकाना सांगा.