प्रतिसाद: 'ए' कॉइल की 'एन' कॉइल?

डक्टमधून (हवेच्या बंदिस्त मार्गातून) घरभर हवा देणाऱ्या एसीत हवा थंड करणारी आतली कॉइल 'ए' आकाराची घ्यावी की 'एन' आकाराची, हा इथला प्रश्न. 'एन' कॉइलमध्ये 'ए'सारख्या दोनाऐवजी तीन स्लॅब (नळ्या आणि पातळ पत्र्यांचे सपाट भाग) बसतात, म्हणून कमी उंचीत जास्त पृष्ठभाग मिळतो, असं आधीच्या प्रतिसादात म्हटलंय आणि ते बरोबर आहे. पण त्यावरून 'एन' कधीही सरस, हा निष्कर्ष मला पटत नाही. टनेज (थंड करण्याची क्षमता) आणि हवेचा दाब जुळत असेल तर आकारापेक्षा त्या कॉइलपर्यंत हात पोचतो का, हे मी आधी बघेन.

हवा खालून वर जाते अशा जोडणीत 'ए' कॉइलच्या पोटात हवा शिरते आणि छपराच्या पाख्यांसारख्या दोन्ही स्लॅबमधून बाहेर पडते. त्यामुळे धूळ आतल्या बाजूला बसते. माझ्याकडे वरून टॉर्च मारून पाहिलं तेव्हा फिन्स (कॉइलचे पातळ पत्रे) लख्ख दिसत होते, तरी हवा कमी येत होती आणि कॉइलवर बर्फ धरत होता. रेफ्रिजरंट (कॉइलमधला थंडावा देणारा वायू) कमी असेल असं समजून दोन आठवडे घालवले. शेवटी समोरची त्रिकोणी पट्टी काढली, तर आत नमद्यासारखा धुळीचा थर! तो काढल्यावर बर्फ थांबला. 'एन'मध्ये मधल्या स्लॅबपर्यंत ब्रश नेणं आणखी अवघड जातं. म्हणून बसवतानाच पुढचं पॅनल पूर्ण निघेल एवढी जागा सोडा. आणि युनिट आडवं बसणार असेल तर आडवा ड्रेन पॅन (कॉइलवरून गळणारं पाणी झेलणारं ताट) लावलाय ना, ते नक्की तपासा; नाहीतर पाणी थेट डक्टमध्ये उतरतं.