अनुभव धागा: जुन्या मापाचं ब्लाउज

पुतणीच्या लग्नासाठी पैठणी काढली आणि ब्लाउज शिवायला आमच्या नेहमीच्या टेलरबाईंकडे गेले. मापाला जुनं ब्लाउज नेलं होतं. चौदा वर्षं तेच नेते. बाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि गळ्यातली टेप काढली. "ताई, याच्यावर नको. अंगावरचंच माप घेऊ." खांदे उतरलेत, पाठीला बाक आलाय, दंड दीड इंचानं वाढलाय, छाती खाली आलीये. यातलं एक अक्षर त्या बोलल्या नाहीत. फक्त आकडे वहीत लिहिले, आणि मला वरून वाचता येत होते.

येताना रिक्षात रडले. वय ५३, नोकरीत तीस माणसं हाताखाली, आणि ब्लाउजच्या मापावरून रडू! रडण्यापेक्षा त्याचीच लाज जास्त वाटली.

म्हणून विचारतेय. केस, कातडी, दात, पोट, आवाज, काय बदललं आणि तुम्ही त्याचं काय केलंत? काही केलं नसेल तर तेही लिहा. फक्त 'वय हा निव्वळ आकडा असतो' हे नको. ते आकडे वाचूनच आलेय मी.

*

मी शिक्षिका, सांगलीकडची. चौतिसाव्या वर्षापासून डाय लावत होते. एकोणपन्नासाव्या वर्षी एका सकाळी उठले तर पापण्या सुजून डोळे बंद, कानामागे पाणी सुटलेलं. डॉक्टर म्हणाले, डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी. मी म्हटलं, इतकी वर्षं काही झालं नाही! तर म्हणे, ही ॲलर्जी अशीच येते, वर्षानुवर्षं वापरल्यावरही. मग मी हुशारी करून 'काळी मेंदी'चं पाकीट आणलं. पुन्हा तेच. मेंदीचा खरा रंग तांबूस. ती काळी होते ती बहुतेक वेळा त्याच रसायनानं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर एक आठवड्याची रजा वाचली असती.

केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. त्यामुळे वर्षभर माझं डोकं दोन रंगांचं होतं, मुळाशी पांढरं आणि खाली काळं-तांबडं. त्यातून आमच्या सासूबाईंचे केस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही अर्धे काळे. दोघी देवळात गेलो की सून कोण, असा प्रश्न. पण सगळ्यात लागलं ते पाचवीतल्या एका पोराचं. मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या घरी कोणी वारलं का?" त्याच्या घरी बायका फक्त तेव्हाच डाय लावायच्या थांबत असणार.

आता केस पूर्ण पांढरे आहेत. छान दिसतात असं लोक म्हणतात. मला अजून रोज तसं वाटत नाही.

*

मी डाय लावते आणि लावणार. दर तिसऱ्या रविवारी, कानामागे चाचणी करून, ४८ तास थांबून. आमचे हे गेली पंधरा वर्षं मिशा रंगवतात. त्यांना आजवर एकानंही विचारलं नाही की तुम्ही वय स्वीकारलंत का.

*

आई बोलली तसं लिहितेय. आम्ही सातारा जिल्ह्यातले, आईचं वय ६१.

"एसटीत बसले हुते. आता बायकांना अर्धं तिकीट हाय, मार्च २०२३ पासनं, तर मी अर्ध्याचं पैसं काढून हातात धरलं. कंडक्टर म्हनला, आजी, पंच्याहत्तर झाली न्हवं? आधार कार्ड काढा, तुम्हाला फुकट हाय. आख्खी गाडी बघाय लागली. म्या म्हनलं, बाबा, अजून चौदा वर्सं हायती, तवर तुझी नोकरी ऱ्हाती का बघ. हसले समदे. म्या बी हसले.

माझी थोरली भन मुंबईला असती, माझ्यापरीस तीन वर्सांनी मोठी. शेजारी बसलो तर लोक मलाच थोरली म्हनत्यात. तिनं उन्हात कवा खुरपं धरलंय? माझ्या गालावर वांग हाय, चाळीस वर्सांच्या उन्हाचा. त्येचं काय वाटत न्हाई. वाटलं ते रेशनच्या दुकानात. मशीनवर अंगठा ठेवला, उठंना. दुसरं बोट, तिसरं बोट. दुकानदार म्हनला, झिजल्यात रेघा, हात पुसून परत ठेवा. पाठीमागं रांग लागलेली. तोंड बदललं तर बदललं, पर बोटं बी म्हनाय लागली, ही ती न्हवं."

(शेवटी नाव जुळलं ते डोळ्याच्या मशीनवर. ती ते सांगायचं विसरते, नेहमी.)

*

डोंबिवली, वय ५७. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

मी देखणी होते. हे वाक्य बाईनं स्वतः लिहायचं नसतं, दुसऱ्यानं म्हणायचं असतं. पण होते. दुकानात सुटे पैसे नसले तरी चालायचे, सरकारी कचेरीत खुर्ची मिळायची, चुका लवकर माफ व्हायच्या. तेव्हा वाटायचं, जगच चांगलं आहे.

सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी गेली. पुढच्या दोन-तीन वर्षांत चेहरा असा उतरला की जुन्या ओळखीचे लोक "बरं नाही का?" विचारू लागले. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजेन तीसेक टक्क्यांपर्यंत घटू शकतं. माझंच काही चुकलं नाही हे कळून बरं वाटलं, पण फार नाही.

मागच्या वर्षी एका मुंजीत यजमानीणबाई हसत आमच्याकडे आल्या, आणि त्यांची नजर माझ्यावरून घसरून मुलीवर थांबली. लेकीचं कौतुक झालं, मी पिशवी धरून उभी. एका क्षणापुरता मला तिचा हेवा वाटला. पोटच्या पोरीचा. तिला हे कधीच सांगणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

*

डोंबिवलीच्या ताई, रागावू नका, पण तुमचं वाचून मला जरा हसूही आलं. मी काळी, दात पुढे, एकोणीस वेळा कांदेपोहे केलेली. विसावा आला तो पोह्यांना नावं ठेवून माझ्याशी लग्न करता झाला. तुम्हाला जे सत्तेचाळीसला कळलं ते मला सतराव्या वर्षीच माहीत होतं. पन्नाशीनंतर माझ्या बॅचच्या सगळ्या सुंदर मुली माझ्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, या, सरकून बसते.

तरी ऐट नको. हनुवटीवर एक जाड केस उगवतो, दर पंधरवड्याला, त्याच जागी. चष्म्याशिवाय तो दिसत नाही आणि चष्मा लावून आरशात बघायची सवय नाही. पोरानं दाखवला: "आई, तुला दाढी येतेय." त्या रात्री मात्र एकोणीसच्या एकोणीस स्थळं आठवली.

*

माझं थोडं वेगळं आहे. तीस वर्षं गमाची टिकली लावली, कपाळावर बरोबर तेवढाच पांढरा गोल उमटला. चिकटवायच्या गमात असं एक रसायन असू शकतं जे कातडीचा रंगच घालवतं. डॉक्टरांनी टिकली बंद करायला सांगितली. पहिल्या हळदीकुंकवाला मोकळ्या कपाळानं गेले तर ताटवाली बाई क्षणभर थांबली, माझ्या गळ्यात बघितलं, मंगळसूत्र दिसलं तेव्हा बोट पुढे केलं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मी जिवंत आहे असा बोर्ड लावू का?" तेव्हा हसले. पण ते थांबलेलं बोट अजून दिसतं.

*

धागा काढणारी परत आलेय. सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोनदा. साताऱ्याच्या काकूंना नमस्कार सांगा.

परवा ब्लाउज आणायला गेले. घालून पाहिलं, नीट बसलं, खांदे कुठेही उचलत नव्हते. जुनं ब्लाउज बाईंनी घडी घालून पिशवीत वेगळं ठेवलं होतं. नवं उलटं करून आतली शिवण दाखवत म्हणाल्या, "ताई, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडलीये. पुढे उसवायला लागेल."