मदत हवी आहे: उंची कमी म्हणून कॉलेजचे कोच बघतच नाहीत, काय करावं?

जर्सीकर: आमचं धाकटं बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड आहे, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारं. उंची ५ फूट ५, दीड वर्ष तिथेच अडकलीय. ड्रिबलिंग, पासिंग एकदम झकास. शनिवारी साडेतीन तास गाडी हाणत स्पर्धेला नेलं. एका कॉलेजचा कोच घडीच्या खुर्चीत बसला, हातातला कागद पाहिला, कोर्टकडे पाहिलं, परत कागद पाहिला आणि पाच मिनिटांत शेजारच्या कोर्टवर गेला. या उंचीत डिव्हिजन वन, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळाची सगळ्यात वरची पातळी, होतं का कुणाचं? शुक्रवारपर्यंत क्लबची फी भरायचीय, लवकर सांगा.

नाना_डॅलस: मग्सी बोग्स! ५ फूट ३, वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून खेळला, १९८७ ला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीत, बारावा. विषय संपला.

खडूस_खेळाडू: नाना, लॉटरी लागलेल्याला विचारून कोणी घर चालवतं का? जर्सीकर, इयत्ता कोणती? ग्रेड्स? व्हिडिओ? काहीच लिहिलं नाहीत.

नाना_डॅलस: एकटा मग्सी नाही हो. कीही क्लार्क पावणेसहा फूट, २०१९ ला व्हर्जिनियाकडून कॉलेज चॅम्पियन. आणि वरुण राम? तोही पावणेसहा. २०१५ ला मेरीलँडकडून वॅल्परायझोविरुद्धचा शेवटचा बचाव त्याचाच!

खडूस_खेळाडू: वरुण आधी डिव्हिजन थ्रीला होता, मग मेरीलँडला वॉक-ऑन म्हणून शिरला. बोलावणं आलं नव्हतं त्याला. आणि आता ट्रान्सफर पोर्टल आहे, दुसऱ्या कॉलेजमधले खेळाडू तिथून घेता येतात. तयार बावीस वर्षांचा गार्ड मिळत असताना कोच शाळकरी बुटका पोरगा कशाला घेईल?

कोथरूडची_मावशी: रोज नाचणी द्या आणि बारला लोंबकळायला लावा. माझ्या नणंदेचा मुलगा दहावीनंतर चार इंच वाढला.

जर्सीकर: मावशी, डॉक्टर म्हणाले आता वाढ नाही. खडूस, अकरावीत आहे, जीपीए ४ पैकी ३.८. क्लबवाल्यांनी रोस्टरवर, म्हणजे खेळाडूंच्या यादीत, ५ फूट ७ लिहिलंय, सगळेच लिहितात म्हणे. आणि हे मघापासून ‘पोरगा’ काय चाललंय? मुलगी आहे.

खडूस_खेळाडू: अहो!!! हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! सगळं गणितच बदललं. क्रिस्टल डेंजरफील्ड ५ फूट ५ च आहे, यूकॉनला (कनेक्टिकट विद्यापीठ) खेळली, २०२० ला डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगची रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवी खेळाडू. शॅनन बॉबिट ५ फूट २, तिकडच्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजमधून टेनेसी विद्यापीठात गेली आणि २००७, २००८ दोन्ही वर्षं चॅम्पियन. मुलींमध्ये ५-५ म्हणजे कमी, पण अशक्य नाही.

साईडलाईन_ताई: मी ५ फूट ४, डिव्हिजन थ्रीला चार वर्षं खेळले. जर्सीकर, तो कोच उंचीमुळे नाही, कागदावरच्या दोन इंचांमुळे उठला असेल. ईमेलमध्ये खरी उंची लिहा. कोचला भीती बास्केटची नसते, बचावाची असते. समोरच्यांनी स्क्रीन लावली, म्हणजे वाटेत उभं राहून अडवलं, बचाव करणाऱ्या दोघींनी आपापल्या खेळाडू बदलून घेतल्या (स्विच) आणि सहा फुटी पोरगी हिच्या वाट्याला आली, तर ही काय करते? व्हिडिओत नुसते थ्री पॉइंटर भरू नका, तेच दाखवा. शिवाय समोरच्या गार्डला चेंडू पुढे आणताना कशी दमवते तेही. आणि डिव्हिजन थ्रीला नाकं मुरडू नका. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण ३.८ वर अभ्यासाची मदत मिळू शकते.

नाना_डॅलस: तरी मग्सी तो मग्सी.

विदर्भवीर: यापेक्षा बॅडमिंटन बरं. उंचीचं टेन्शन नाही.

खडूस_खेळाडू: सिंधू ५ फूट १० आहे.

जर्सीकर: ताई, काल रात्री जेवताना विचारलं, मोठी पोरगी अंगावर आली की काय करतेस? म्हणाली, “बाबा, मी तिच्या पुढे जाऊन उभी राहते, पासच येऊ देत नाही. तुम्ही मॅच बघता की फोन?” फी भरली. क्लबला ५-५ करायला सांगितलंय, ते कुरकुरतायत. आता एवढंच सांगा, व्हिडिओ कापायला सोपं ॲप कोणतं?