फेअरमाँट मोटरकारचं अचूक मॉडेल

जुन्या अमेरिकन फेअरमाँट मोटरकारचं (रूळ तपासायला जाणाऱ्या गँगची छोटी गाडी) अचूक मॉडेल एचओमध्ये (म्हणजे खऱ्याच्या १/८७ मापाच्या मॉडेल रेल्वेत), तेही चालतं, मिळेल का असं विचारलंय. दोन्ही एकत्र मिळणं फार अवघड आहे.

अमेरिकेत मिनेसोटातल्या फेअरमाँट गावी पूर्वी बनणारी ही गाडी जेमतेम अडीच मीटर लांब. १:८७ ला ती तीन सेंटिमीटरच्याही आत येते. तेवढ्यात मोटर बसवायची म्हणजे बॉडी फुगवावी लागते किंवा सीटखालची मोकळी जागा भरून टाकावी लागते. आणि त्या गाडीचं सगळं सौंदर्य त्या मोकळेपणातच आहे! एक सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, आसाकडे जाणारा पट्टा, गाडी रुळावरून उचलायला मागे ओढून काढायचे दांडे. फोटोत हे दिसलंच पाहिजे. म्हणून एचओमध्ये न चालणारं मेटल किट घ्या आणि सायडिंगशेजारी (बाजूच्या रुळाशेजारी) उभं करा, असंच मी सुचवेन.

ओ स्केल या मोठ्या मापात जागा मिळते, पण तिथे वेगळीच गोची. अमेरिकन १:४८ ची गाडी ३२ मिमी रुंदीच्या रुळावर चालते, म्हणजे मापाने जवळपास पाच फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर), खऱ्यापेक्षा रुंद. मोठ्या डब्याखाली ते खपून जातं, एवढ्याशा गाडीखाली चाकं लगेच फाकलेली दिसतात. प्रमाणाचा आग्रह असेल तर ४५ मिमी रुळावरचं १:३२ बघा, तिथे गेज मापात बसतं. मात्र त्याच रुळावर १:२९ आणि १:२४ चंही सामान विकलं जातं, त्यामुळे खोक्यावरचं प्रमाण वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.